डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं तर? टाकी घरच्या घरी रिकामी करता येते का?

डिझेल गाडीच्या टाकीत पेट्रोल गेलं, तर गाडी लगेच खराब होत नाही. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचलं की नुकसान सुरू होतं. त्यामुळे चूक लक्षात आल्यावर गाडी सुरू केली की नाही, यावर पुढचा खर्च ठरतो. सुरू केली नसेल, तर टाकी रिकामी करून काही तासांत गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. सुरू करून पळवली असेल, तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलायची वेळ येऊ शकते.

अशा वेळी अनेकांच्या डोक्यात पहिला उपाय येतो तो नळी टाकून घरीच पेट्रोल काढण्याचा. पूर्वी स्कूटरच्या किंवा ट्रॅक्टरच्या टाकीतून असं इंधन काढलं जायचं, त्यामुळे हे काम सोपं वाटतं. आजच्या डिझेल कारमध्ये ते सोपंही नाही आणि सुरक्षितही नाही.

थोडक्यात सांगायचं तर:
• चावी फिरवू नये, स्टार्ट बटण दाबू नये.
• पंपावरच असाल तर कर्मचाऱ्यांना सांगून गाडी ढकलून बाजूला घ्यावी.
• तोंडाने किंवा साध्या पंपाने टाकी उपसू नये.
• टोइंग किंवा मेकॅनिक बोलवावा, इंधनाचं बिल जपून ठेवावं.

अशी चूक होते कशी?

पेट्रोलची नळी, म्हणजे नोझल, साधारणपणे डिझेलच्या नोझलपेक्षा बारीक असते. त्यामुळे डिझेलचं जाड नोझल पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा नीट बसत नाही, पण पेट्रोलचं बारीक नोझल डिझेल गाडीत सहज जातं. म्हणजे ज्या चुकीत नुकसान जास्त, तीच चूक व्हायला सोपी.

भारतात बहुतेक ठिकाणी इंधन पंपावरचा कर्मचारी भरतो. गाडीवाला ‘दोन हजारांचं टाका’ एवढंच म्हणतो आणि फोनमध्ये डोकं घालतो. त्यातच एकच मॉडेल पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही प्रकारांत मिळतं. क्रेटा, नेक्सॉन, थार या गाड्या बाहेरून पाहून आत कोणतं इंजिन आहे हे पटकन कळत नाही. इनोव्हा क्रिस्टा डिझेलवर चालते आणि इनोव्हा हायक्रॉस पेट्रोलवर, पण दोघींनाही सगळे ‘इनोव्हा’च म्हणतात. घरात एक पेट्रोल आणि एक डिझेल गाडी असेल, किंवा गाडी भाड्याने घेतली असेल, तर गोंधळ आणखी वाढतो.

पेट्रोलमुळे डिझेल इंजिनात नेमकं काय बिघडतं?

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. पेट्रोल मात्र मुद्दाम असं बनवलेलं असतं की दाबाने आपोआप पेटू नये. त्यामुळे डिझेल इंजिनात गेल्यावर ते वेळेवर पेटत नाही. इंजिन खडखडतं, ओढ कमी होते, पांढरा धूर येतो आणि शेवटी गाडी बंद पडते.

मोठं नुकसान मात्र इंजिनाच्या आधी, इंधन पुरवणाऱ्या यंत्रणेत होतं. आजच्या डिझेल कारमध्ये ‘कॉमन रेल’ पद्धत असते. त्यातला हाय प्रेशर पंप डिझेलला साधारण १,६०० ते २,००० बार इतका दाब देतो. कारच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार हवा असते, यावरून या दाबाची कल्पना यावी. या पंपाचे आणि इंजेक्टरचे आतले भाग अतिशय बारीक मापात बसवलेले असतात आणि त्यांना वेगळं वंगण नसतं. डिझेलला स्वतःचा थोडा तेलकटपणा असतो, तेच त्यांचं वंगण.

पेट्रोलला हा तेलकटपणा नाही. उलट ते भागांवरचा डिझेलचा थर धुऊन काढतं. मग धातूवर धातू घासतो आणि बारीक कण सुटतात. हे कण इंधनाबरोबर रेलमध्ये, तिथून इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या नळीने पुन्हा टाकीत जातात. म्हणून गाडी पळवलेली असेल, तर नुसता पंप बदलून भागत नाही. जुने कण यंत्रणेत राहिले, तर नवा पंपही खराब होतो. भारतात मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि वंगण म्हणून त्याचाही काही उपयोग नाही.

चूक कधी लक्षात आली, त्यावर पुढचं ठरतं

पंपावरच लक्षात आली तर: ही सगळ्यात चांगली परिस्थिती. इंजिन सुरू करायचं नाहीच, पण इग्निशनही ‘ऑन’ करायचं नाही. चावी त्या खुणेवर आली की टाकीतला विजेवरचा पंप इंधन पुढे ढकलायला लागतो. स्टिअरिंगचं लॉक सोडवण्यासाठी चावी फक्त ‘एसीसी’पर्यंत फिरवावी. बटणाच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदाच दाबलं की गाडी एसीसीवर येते, दुसऱ्यांदा दाबायचं नाही. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत बाजूला घ्यावी. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड लागतं आणि ब्रेकही जोरात दाबावा लागतो, हे ध्यानात ठेवून एकाने स्टिअरिंगवर बसावं.

इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही तर: लगेच बंद करावं. फिल्टरपर्यंतच्या नळीत आधीचं डिझेल असतं, त्यामुळे पेट्रोल पुढे पोहोचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात इंजिन बंद झालं, तर नुकसान टळण्याची शक्यता चांगली असते.

रस्त्यात लक्षात आली तर: पंपावरून निघाल्यावर थोड्याच अंतरात इंजिनाचा आवाज बदलला, पिकअप गेला, ‘चेक इंजिन’चा दिवा लागला, तर गाडी डाव्या बाजूला सुरक्षित जागी घेऊन बंद करावी. ‘घर दोनच किलोमीटरवर आहे’ म्हणून पुढे रेटू नये. बंद पडलेल्या गाडीला परत परत सेल्फ मारू नये आणि गिअरमध्ये टाकून धक्का स्टार्टही करू नये. हाय प्रेशर पंप इंजिनाबरोबर फिरतो, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला तो कोरडा घासला जातो. राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते. गाडी फ्लॅटबेडवर चढवून नेणं सगळ्यात बरं, ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीसाठी तर तेच करावं.

घरी नळी टाकून पेट्रोल का काढू नये?

पहिलं कारण साधं आहे: नळी आत जातच नाही. बहुतेक नव्या गाड्यांत टाकीच्या मानेला वळण असतं आणि आत झडप किंवा जाळी असते. गाडी उलटली तर इंधन सांडू नये आणि कोणी चोरू नये, यासाठी ती सोय असते. जबरदस्तीने नळी घुसवली, तर झडप तुटते किंवा नळी आत अडकते. नळी पोहोचली, तरी टाकी तळापर्यंत रिकामी होत नाही. वर आलेल्या इंधनात पेट्रोल किती आणि तळाशी किती उरलं, हे कळायला मार्ग नसतो, कारण दोन्ही इंधनं एकमेकांत पूर्ण मिसळतात. पेट्रोल हलकं आहे म्हणून ते तेलासारखं वर तरंगत राहील, हा समज चुकीचा आहे.

दुसरं कारण आगीचं. डिझेलजवळ काडी नेली, तरी नेहमीच्या तापमानाला ते सहसा पटकन पेटत नाही. त्यामुळे ‘डिझेलच तर आहे’ असं म्हणत माणूस निष्काळजी होतो. पण पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं, तरी ते मिश्रण आगीच्या बाबतीत पेट्रोलसारखंच वागतं. म्हणून टाकीत अर्धं डिझेल असलं, तरी सगळ्या टाकीला पेट्रोल समजूनच हात लावायचा असतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलगट जागेत साचते. सोसायटीचं बेसमेंट पार्किंग, बंद शेड, गटाराचं तोंड, गॅरेजमधला खड्डा ही तिची आवडती ठिकाणं. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं, तरी ती पेटू शकते. मग काही मीटरवर कोणी देव्हाऱ्यात निरांजन लावलं, पाण्याची मोटर सुरू केली किंवा लाइटचं बटण दाबलं, तरी तेवढी ठिणगी पुरते.

ठिणगी उपसण्याच्या साधनातूनही पडते. पाणी उपसायचा छोटा पंप, टायरमध्ये हवा भरायचा पंप, ड्रिल मशिनला जोडायचा पंप, व्हॅक्युम क्लिनर ही साधनं पेट्रोलसाठी बनवलेली नसतात. त्यांच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतच असतात. प्लॅस्टिकच्या नळीतून इंधन प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पडताना स्थिर वीज तयार होते, ती वेगळीच.

तिसरं कारण म्हणजे तोंडाने ओढणं. पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा श्वासाबरोबर फुप्फुसात जाणं जास्त धोक्याचं. अगदी थोडं गेलं, तरी फुप्फुसाला रासायनिक सूज येऊ शकते. असं झालं, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये, कारण उलटी होताना तेच पेट्रोल फुप्फुसात उतरतं. खोकला, धाप, छातीत जळजळ यांची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावं. अंगावर इंधन सांडलं, तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवावं आणि ते कपडे गॅसजवळ किंवा बंद बाथरूममध्ये टाकू नयेत.

मेकॅनिक हे काम कसं करतो?

जाणकार मेकॅनिक तोंडातून नळी टाकण्याच्या भानगडीत पडत नाही. कामाचा क्रम साधारण असा असतो:

१. गाडी मोकळ्या हवेत लावतो, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवतो, अग्निशामक जवळ ठेवतो.
२. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली टाकीतल्या पंपाचं झाकण असतं. ते उघडून, किंवा खालून इंधनाची नळी सोडवून, इंधनासाठीच बनवलेल्या ठिणगीरहित पंपाने टाकी उपसतो. काही गाड्यांत टाकी खाली उतरवावी लागते.
३. गाडी, पंप आणि भांडं तारेने जोडून अर्थिंग देतो, म्हणजे स्थिर वीज साचत नाही.
४. टाकीत थोडं स्वच्छ डिझेल टाकून ते पुन्हा काढतो. नळ्याही तशाच धुतो.
५. डिझेल फिल्टर बदलतो. इंजिन चाललेलं असेल, तर जुना फिल्टर कापून आत धातूची चमकी आहे का, हे पाहतो.
६. नवं डिझेल भरून यंत्रणेतली हवा काढतो, मग इंजिन सुरू करतो. स्कॅनर लावून रेलचा दाब आणि एरर कोड तपासतो.

यातली पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची. फिल्टरमध्ये चमकी सापडली, तर पंप झिजायला लागल्याचं निदान होतं. ती पायरी गाळून ‘गाडी सुरू झाली, घेऊन जा’ असं सांगितलं, तर दुखणं काही आठवड्यांनी परत येऊ शकतं. जुना फिल्टर दाखवायला सांगणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

गावाकडे किंवा आडवाटेला टोइंग मिळत नाही आणि मेकॅनिकलाच घरी बोलवावं लागतं. तेव्हा घरच्यांनी काही गोष्टी पाहाव्यात. गाडी अंगणात किंवा मोकळ्या मैदानात असावी, बेसमेंटमध्ये नाही. आसपास चूल, शेगडी, वेल्डिंग, विडी-सिगारेट नको. मुलांना आणि बघ्यांना लांब ठेवावं. इंजिन आणि सायलेन्सर थंड झालेले असावेत. कोरड्या पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक हाताशी असावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं, तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवतं. पेट घेतलाच, तर लांब जाऊन १०१ किंवा ११२ वर फोन करावा. मेकॅनिक तोंडाने नळी ओढायला लागला, तर काम थांबवून दुसरा माणूस शोधलेला बरा.

काढलेल्या इंधनाचं काय करायचं?

इथे बरेच जण दुसरी चूक करतात. एवढं महागाचं इंधन टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून ते ‘कुठेतरी वापरू’ असं ठरतं.

हे मिश्रण स्टोव्हमध्ये घालणं जीवघेणं आहे. रॉकेलसाठी बनवलेल्या स्टोव्हमध्ये पेट्रोल गेलं, तर भडका उडतो. कचरा, पालापाचोळा किंवा होळी पेटवण्यासाठी ते वापरलं, तर वाफ आधी पेटते आणि ज्वाला ओतणाऱ्याच्या हातापर्यंत येते. दुचाकीत घातलं, तर डिझेलमुळे स्पार्क प्लग काजळतो आणि गाडी बंद पडते. शेतातल्या डिझेल इंजिनातही त्याचा पंप खराब होतो. गटारात किंवा मातीत ओतलं, तर ते विहिरीच्या पाण्यापर्यंत जाऊ शकतं आणि गटारात वाफ साचून स्फोटही होऊ शकतो.

साठवण्यालाही कायद्याची मर्यादा आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार २३ अंश सेल्सिअसखाली पेटणारं इंधन ‘अ’ वर्गात येतं आणि विक्रीसाठी नसलेलं असं इंधन परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच बाळगता येतं. कारची टाकी ४० ते ६० लिटरची असते. म्हणजे भरलेल्या टाकीतलं मिश्रण घरात ठेवणंच नियमात बसत नाही. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर थेंबभरही ठेवू नये. लहान मूल ते पाणी समजून पिऊ शकतं. इंधन गॅरेजकडेच सोपवावं आणि ते अधिकृतपणे तेल-कचरा घेणाऱ्याकडे जाणार आहे ना, हे विचारून घ्यावं.

‘वरून डिझेल टाक, काही होत नाही’ हे खरं का?

हा सल्ला जुन्या काळातला आहे. युरोपात कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू लागायचं, म्हणून काही जुन्या डिझेल इंजिनांत थोडं पेट्रोल मिसळायला कंपन्याच परवानगी देत असत. ती इंजिनं कमी दाबावर चालणारी, रांगडी होती. कॉमन रेल इंजिनाला हा नियम लागू नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर आणि इतर नाजूक यंत्रणा असते. नीट न जळलेलं इंधन तिथपर्यंत गेलं, तर तीही बिघडते. ‘किती लिटरपर्यंत चालतं?’ याचं सुरक्षित उत्तर ‘शून्य’ हेच आहे.

पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तर? तेही वाईटच, पण तुलनेने कमी खर्चाचं. गाडी धूर सोडते, अडखळते, बंद पडते. टाकी, प्लग आणि इंजेक्टर साफ केले की बहुतेक वेळा काम भागतं. नव्या डिझेल एसयूव्हीत आणखी एक धोका असतो: डीईएफ, म्हणजेच ‘अॅडब्लू’. हे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण असून त्याच्यासाठी सहसा निळ्या झाकणाची वेगळी छोटी टाकी असते. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर त्याचे स्फटिक होतात आणि धातू गंजतो. तिथेही नियम तोच, गाडी सुरू करायची नाही.

खर्च कोणी द्यायचा?

गाडी सुरू झालेली नसेल, तर खर्च टाकी रिकामी करणं, फिल्टर आणि मजुरी एवढाच असतो. पंप, रेल, इंजेक्टर बदलावे लागले, तर तो लाखाच्या घरात जाऊ शकतो. नेहमीच्या मोटर विम्यात यांत्रिक बिघाड आणि मूळ घटनेनंतर ओढवलेलं नुकसान वगळलेलं असतं. त्यामुळे इंजिन प्रोटेक्ट आणि रोडसाइड असिस्टन्स ही जोड-संरक्षणं पॉलिसीत आहेत का आणि त्यांत चुकीच्या इंधनाचा उल्लेख आहे का, हे पाहावं. चूक कळल्यावर गाडी पुढे चालवली, तर दावा नाकारायला कारण मिळतं.

चूक पंपावरच्या कर्मचाऱ्याची असेल, तर पुरावा तिथेच गोळा करावा. बिल मागून घ्यावं. बिलावर पेट्रोलसाठी ‘एमएस’ आणि डिझेलसाठी ‘एचएसडी’ असं छापलेलं असतं, त्यामुळे कोणतं इंधन भरलं हे कागदावर येतं. यूपीआयची पावती, मीटरचा फोटो, वेळ आणि नोझलचा क्रमांक टिपून ठेवावा. व्यवस्थापकाला बोलावून पंपावरच्या तक्रार वहीत नोंद करावी आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी. पंपाने दाद दिली नाही, तर तेल कंपनीकडे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ‘डिझेल’ असं स्पष्ट सांगितलं होतं का, हा प्रश्न तिथे हमखास विचारला जातो.

पुन्हा होऊ नये म्हणून

• टाकीच्या झाकणाच्या आत-बाहेर ‘डिझेल’ असं मराठीत आणि हिंदीत ठळक लिहिलेला स्टिकर लावावा.
• उच्च सुरक्षा नंबर प्लेटबरोबर पुढच्या काचेवर लावायला स्टिकर मिळतो. डिझेलसाठी तो नारिंगी आणि पेट्रोल-सीएनजीसाठी फिकट निळा असतो. तो लावलेला आहे ना, हे पाहावं.
• पंपावर रक्कम सांगण्याआधी ‘डिझेल’ हा शब्द मोठ्याने उच्चारावा.
• गाडीतून उतरून मशिनवरचं नाव वाचावं. नोझलच्या रंगावर विसंबून राहू नये.
• ड्रायव्हर, नातेवाईक किंवा मित्राला गाडी देताना इंधन कोणतं ते सांगावं. भाड्याची गाडी घेताना स्वतः विचारावं.